वस्तू समजणं आणि माणूसच न समजणं

'दोन रिसोर्स कमी पडतायत, उद्यापर्यंत मिळतील का?' मीटिंगमध्ये माणसांबद्दल हे वाक्य सहज येऊन जातं. बोलणाऱ्याचा कुणावर राग नसतो. त्याला काम दिसत असतं, ते करायला कुणीही चालणार असतं. हे वस्तूकरण. १९९४मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात नरसंहार चालू असताना रेडिओवरून तुत्सी समाजाच्या लोकांना 'इन्येंझी', म्हणजे झुरळं, म्हटलं जात होतं. ते अमानवीकरण. हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो.

वस्तूकरणाच्या मुळाशी आपलं काम असतं. तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांनी १९९५च्या निबंधात त्याच्या सात खुणा सांगितल्या आहेत. मला त्यांतली सगळ्यात बोचते ती अदलाबदलीची: हा नाही तर तो. समोरच्याला मन आहे हे कुणी नाकारत नाही, ते फक्त हिशेबात धरलं जात नाही. म्हणून कौतुक करतानाही हे घडतं. 'काय सुंदर दिसतेस!' म्हणताना तिचं वाक्य आपण अर्ध्यावर तोडलं, हे म्हणणाऱ्याच्या गावीही नसतं.

अमानवीकरणाची गरज निराळी. कुणाला तरी इजा करायची असते किंवा करून झालेली असते, आणि मन खात असतं. समोरचा माणूसच नाही असं ठरवलं की ती टोचणी थांबते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्ये एक प्रयोग केला. चुकणाऱ्या गटाला विजेचा किती झटका द्यायचा, हे विद्यार्थ्यांनी ठरवायचं होतं. झटके खरे नव्हते, पण त्यांना ते माहीत नव्हतं. त्या गटाला कुणीतरी 'जनावरासारखे' म्हटल्याचं ज्यांच्या कानावर पडलं, त्यांनी सर्वांत जोरदार झटके दिले. एवढं एक विशेषण पुरलं.

फरक कळतो तो उपयोग संपल्यावर. वस्तू बाजूला पडते. झुरळ मात्र दिसेल तिथे मारलं जातं.

तरी सीमारेषा पक्की नाही. मानसशास्त्रज्ञ निक हॅसलम यांनी २००६मध्ये अमानवीकरणाचेच दोन प्रकार मांडले: माणसाला जनावर समजणं आणि यंत्र समजणं. दुसरा प्रकार वस्तूकरणाला अगदी खेटून आहे. चौदा नंबरच्या खाटेवरच्या पित्ताशयाच्या पेशंटला 'चौदा नंबरचं गॉलब्लॅडर' असं डॉक्टर राउंडवर म्हणतात, ते कशात मोडतं हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. ऑपरेशन टेबलावर तेवढ्यापुरतं शरीरच दिसलं तर हात स्थिर राहतो, हे पटतं. राउंडच्या वेळी मात्र चौदा नंबर जागा असतो, आणि टाके कधी निघणार हे विचारायचं त्याचं राहून जातं.