दाबुस
दाबुस : नृत्य, गायन व शस्त्रप्रयोग एकत्र आणणारा मलाय मुसलमानांचा सूफी वळणाचा विधी. मलेशियात तो मुख्यतः पेराक राज्यात आढळतो. सुमात्रातील आचे व पश्चिम जावातील बांतेन येथेही तो आहे. बांतेनमध्ये त्यास ‘देबुस’ म्हणतात. अरबी ‘दब्बूस’ म्हणजे टोकदार सळई किंवा गदा. त्यावरून हे नाव पडले. मराठी ‘दाभण’शी असलेले साम्य योगायोगाचे मानणेच बरे.

विधीची मुळे रिफाई या सूफी पंथात आहेत, यावर बहुतेकांचे एकमत आहे. पंथाचे प्रवर्तक शेख अहमद अल्-रिफाई (मृ. ११८२) दक्षिण इराकचे. हा पंथ मलाय जगतात कसा पोहोचला, हा वादाचा विषय आहे. एका मतानुसार सुरतेजवळच्या रांदेरचे नूरुद्दीन अर्-रानीरी यांनी तो आचेत नेला. ते रिफाई दीक्षित होते आणि १६३७ ते १६४४ या काळात आचेच्या दरबारात होते. मात्र त्यांची ख्याती ईश्वर व सृष्टी यांचे अस्तित्व एकच मानणाऱ्या वुजूदिया मताच्या खंडनासाठी आहे; शस्त्रविधीचे श्रेय त्यांना देणे धाडसाचे वाटते. दुसऱ्या मतानुसार गुजरात व हद्रमौत (येमेन) येथील व्यापारी-फकिरांमार्फत हा प्रसार हळूहळू झाला असावा. हे मत अधिक सयुक्तिक दिसते. सुरतेच्या रिफाईंमध्ये असाच ‘रातिब’ चालतो आणि आचेत डफाला ‘रापाई’ म्हणतात. हे नाव ‘रिफाई’वरूनच आल्याचे मानतात. पेराकवर आचेने १६२० च्या सुमारास स्वारी केली होती. विधी तेथे त्याच सुमारास किंवा नंतर गेला असावा. बांतेनची परंपरा तो सुलतान अगेंग तिर्तायासा (कार. १६५१–८३) यांच्या काळाशी जोडते; तेथे कादिरी या दुसऱ्या सूफी पंथाचाही ठसा आहे. अंग शस्त्राला अभेद्य करण्याच्या ‘इल्मू कबल’ या स्थानिक विद्येशी त्याची सांगड पडली, हेही नाकारता येत नाही.

गायक बसून ‘रेबाना’ हे डफ वाजवीत अल्लाह, पैगंबर व शेख यांची स्तुती गातात. नर्तकांच्या हाती ‘अनाक दाबुस’ असतो : लाकडी मुठीचा लोखंडी टोचा. त्याला लावलेल्या धातूच्या कड्या प्रत्येक हालचालीबरोबर खुळखुळतात. लय चढली की टोक दंडावर टोचतात. लोखंड बोथट होते ते ईश्वराच्या इच्छेने व शेखाच्या कृपेने, नर्तकाच्या बळाने नव्हे, ही यामागील श्रद्धा. तिच्यावाचून दाबुस ही निव्वळ कसरत ठरेल. विधीचा प्रमुख ‘खलिफा’ देखरेख करतो आणि जखम झाल्यास दुआ म्हणून ती बरी करतो.

केपटाउनच्या मलाय समाजातील ‘रातीप’ हा याच कुळातील विधी होय. डच ईस्ट इंडिया कंपनीने पूर्वेकडून कैदी व गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचा हा समाज.