‘जीएसटी भरला की सट्टा कायदेशीर’: खुलासा

जळगाव-भुसावळपासून शहाद्यापर्यंत एक समज पक्का आहे: सिक्कीमचा परवाना, जीएसटी क्रमांक आणि गुमास्ता (दुकान नोंदणी) असला की क्रिकेट बेटिंगचा गाळा उघडता येतो. हे साफ चुकीचं आहे.

जुगार हा राज्यांचा विषय, त्यामुळे सिक्कीमचा परवाना सिक्कीमपुरताच. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याच्या कलम 4 मध्ये अड्डा चालवणाऱ्यासोबत जाणूनबुजून जागा देणारा मालकही आरोपी होतो. गाळा भाड्याने देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ‘हा कौशल्याचा खेळ’ हा बचावही आता ऑनलाइन चालत नाही. केंद्राच्या 2025 च्या कायद्यात पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरातीला 2 वर्षं, 50 लाख. कर भरल्याने धंद्याला परवानगी मिळत नाही, फक्त कर भरला जातो.

प्रत्यक्षात आधी अडकतं ते बँक खातं. ‘आयडी’ (बेटिंग साइटचं लॉगिन) विकणारा पोरगा कमिशनवर आपलं खातं देतो, त्यात अनोळखी लोकांचे यूपीआय जमा होतात. त्यातल्या एकाने 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार केली की रक्कम गोठते, कधी अख्खं खातंच. मग त्या खात्यात आलेले घरच्या कापसाचे पैसेही त्यातच अडकतात.