बालदारिद्र्य आणि सुरक्षाजाळ्याचे अर्थशास्त्र (अमेरिका)

काम सुटले, आजारपण आले किंवा घरातले कमावते माणूस गेले तरी कुटुंब उपाशी पडू नये म्हणून सरकार ज्या योजना चालवते, त्यांना एकत्रितपणे सामाजिक सुरक्षाजाळे म्हणतात. रोख मदत, अन्नासाठीची कुपने, आरोग्यविमा, घरभाड्याला साहाय्य आणि करातून मिळणारा परतावा हे त्याचे मुख्य प्रकार. या योजनांचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा सर्वांत सखोल अभ्यास अमेरिकेत झाला आहे. पूर्वी हे अभ्यास ‘मदत मिळाली तर आईबाप काम सोडतील का’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत. गेल्या वीसेक वर्षांत त्याला दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न येऊन मिळाला : लहानपणी मदत मिळालेले मूल मोठेपणी कसे जगते?

मोजमाप. गरीब कोण हे ठरवतानाच पहिली चूक होते. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा अर्थतज्ज्ञ मॉली ऑर्शान्स्की यांनी 1963-64 च्या सुमारास आखली. कुटुंबे उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करतात, असे 1955 च्या पाहणीत दिसले होते. म्हणून काटकसरीच्या आहाराचा खर्च काढून त्याची तिप्पट करण्यात आली. ही रेषा करपूर्व रोख उत्पन्नाशी ताडून पाहतात. अन्नकुपने आणि करपरतावा त्या उत्पन्नात धरलेच जात नाहीत. त्यामुळे या दोन्ही योजनांवर कितीही खर्च केला, तरी अधिकृत आकडा त्यांच्यामुळे तसूभरही हलत नाही. आणि तोच आकडा दाखवून ‘योजना निरुपयोगी आहेत’ असा निष्कर्ष वर्षानुवर्षे काढला गेला. 2011 पासून प्रसिद्ध होणारे पूरक दारिद्र्यमापन ही उणीव भरून काढते. त्यात कुपने, परतावा व भाडेसाहाय्य उत्पन्नात मिळवतात; कर, पाळणाघराचा व कामावर जाण्यायेण्याचा खर्च आणि औषधपाण्यावर खिशातून गेलेले पैसे वजा करतात.

फूड स्टँप : एक नैसर्गिक प्रयोग. फूड स्टँप म्हणजे वर सांगितलेली अन्नकुपने. ही योजना 1961 मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. पहिले स्टँप वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल या कोळसाखाणींच्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), 15 माणसांच्या एका कुटुंबाने 95 डॉलरचे घेतले. पहिली खरेदी होती डुकराचे मांस घातलेल्या घेवड्याच्या डब्याची. तेव्हा स्टँप फुकट नसत. कुटुंबाने ठरावीक रक्कम भरायची आणि तिच्याहून जास्त किमतीचे स्टँप घ्यायचे, अशी रीत होती. हातात रोकड नसलेली घरे त्यामुळे बाहेर राहत. ही अट 1977 च्या कायद्याने काढली.

1964 चा कायदा झाल्यावरही योजना सगळीकडे एकदम लागू झाली नाही. ती घ्यायची की नाही हे काउंट्यांवर सोडले होते. 1973 च्या दुरुस्तीने ती सर्वत्र सक्तीची केली आणि 1975 पर्यंत देशभर पोचली. म्हणजे एकाच राज्यात, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या घरी स्टँप पोटात असल्यापासून आले आणि शेजारच्या काउंटीतल्या दुसऱ्याकडे ते सातव्या-आठव्या वर्षी पोचले. संशोधकांनी न घडवता आपोआप घडलेला हा प्रयोग, म्हणून त्याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. हिलरी हॉइन्स, डायेन शान्झेनबाख आणि डग्लस आल्मंड या अर्थतज्ज्ञांनी नेमका हाच फरक पकडला.

पद्धत अशी. प्रत्येक काउंटीत योजना कोणत्या महिन्यात सुरू झाली त्याची यादी करायची. गर्भधारणेपासून वयाच्या पाचव्या वर्षापर्यंतचा किती काळ योजनेखाली गेला, हे प्रत्येक व्यक्तीसाठी काढायचे. मग त्याच काउंटीतल्या आधीच्या व नंतरच्या मुलांची तुलना करायची आणि त्या वर्षी देशभर जे बदलले ते वजा करायचे. एकाच कुटुंबांची दशकानुदशके पाहणी करणाऱ्या सर्वेक्षणातून त्यांना 1956 ते 1981 दरम्यान जन्मलेल्यांची प्रौढपणीची माहिती मिळाली. लहानपणी स्टँप पोचलेल्यांमध्ये लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह या गटातल्या विकारांचे प्रमाण कमी निघाले. स्त्रियांची आर्थिक स्वावलंबनाची स्थितीही सुधारलेली दिसली. हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या अभ्यासात याच तिघांना गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत योजना मिळालेल्या मातांच्या बाळांचे जन्मवजन वाढलेले आढळले होते.

ही पद्धत घसरू शकते अशा जागा ठरलेल्या आहेत. योजना आधी घेणाऱ्या काउंट्या मुळातच वेगळ्या असतील, तर तुलना फसते. आणि त्या थोड्या वेगळ्या होत्याच : अधिक शहरी, अधिक गरीब, शेती कमी. म्हणून 1960 मधली काउंटीची स्थिती हिशेबात धरावी लागते. मेडिकेड ही आरोग्ययोजना आणि हेड स्टार्ट ही बालवाडीची योजना 1965 मध्येच आल्या. त्यांचे श्रेय चुकून स्टँपांना जाऊ शकते. शिवाय स्टँप प्रत्यक्ष कोणी घेतले याची नोंद नसते, फक्त काउंटीत योजना होती एवढेच कळते. समजा, शंभरांत चाळीस कुटुंबांनी ते घेतले आणि सर्वांवरचा सरासरी परिणाम 2 निघाला, तर घेणाऱ्यांवरचा परिणाम 5 धरावा लागतो. हा भागाकार विसरला की परिणाम नगण्य वाटतो. सर्वेक्षणात लोक मिळालेली मदत कमी सांगतात, ही आणखी एक अडचण. मार्था बेली, हॉइन्स आणि सहकाऱ्यांनी नंतर एक कोटीहून अधिक लोकांच्या जनगणनेतल्या व ‘सामाजिक सुरक्षा’ या सरकारी निवृत्तिवेतन खात्यातल्या नोंदी जोडून तोच प्रश्न पुन्हा तपासला. शिक्षण व आयुर्मान सुधारल्याचे आणि तुरुंगवास घटल्याचे त्यांना दिसले.

नॅथॅनियल हेंड्रन व बेन स्प्रंग-केसर या अर्थतज्ज्ञांनी 2020 मध्ये 133 सरकारी धोरणांचा जमाखर्च मांडला. गरीब मुलांच्या आरोग्यावर व शिक्षणावरचा खर्च पुढे जास्त कर आणि कमी सरकारी मदत यांच्या रूपाने बऱ्याचदा पूर्ण वसूल होतो, असे त्यातून निघाले. काही वर्षांपुरत्या अंदाजपत्रकात मात्र ही वसुली दिसत नाही. मुलांवरच्या योजना कागदावर महाग ठरतात त्या यामुळेच.

2021 ची बाल करसवलत. ही पालकांना मुलामागे करात मिळणारी सूट. जुन्या नियमानुसार तिच्यातून परताव्याच्या रूपाने रोख मिळणारी रक्कम वार्षिक 2,500 डॉलरच्या वरच्या कमाईच्या 15 टक्के असे, तीही मुलामागे कमाल 1,400 डॉलर. वर्षाला 8,000 डॉलर कमावणाऱ्या दोन मुलांच्या आईला त्यामुळे 825 डॉलर मिळत. काहीच कमाई नसेल तर शून्य. म्हणजे सर्वांत गरीब मूलच वगळले जाई. मार्च 2021 च्या कायद्याने कमाईची अट एका वर्षापुरती उठवली. सहा वर्षांखालील मुलाला 3,600 आणि 6 ते 17 वयाच्या मुलाला 3,000 डॉलर ठरले. त्याच आईची मुले 4 आणि 8 वर्षांची असतील तर तिला 6,600 डॉलर. त्यातले निम्मे जुलै ते डिसेंबर दरमहा 550 प्रमाणे खात्यात आणि बाकीचे पैसे कराचे विवरणपत्र भरल्यावर. पूरक मापनानुसार बालदारिद्र्य 2020 मधल्या 9.7 टक्क्यांवरून 2021 मध्ये 5.2 टक्क्यांवर आले. त्या घसरणीत महासाथीच्या काळातल्या इतर मदतीचाही वाटा होता. वाढीव सवलत संपली आणि 2022 मध्ये आकडा 12.4 टक्क्यांवर गेला.

अडचण पोचवण्याची होती. कर भरण्याइतके उत्पन्न नसलेली अनेक कुटुंबे विवरणपत्रच भरत नाहीत, त्यामुळे करखात्याकडे त्यांचा पत्ता किंवा बँक खाते नव्हते. पालक काम सोडतील का, हा वाद मात्र मिटलेला नाही. त्या महिन्यांच्या बहुतेक अभ्यासांत रोजगार घटलेला दिसला नाही. पण सहा महिन्यांसाठी आलेल्या पैशावर कोणी नोकरी सोडत नाही, म्हणून कायम योजनेबद्दलचा निर्णय त्यावरून देता येत नाही.

चार शहरी भागांतल्या 1,000 गरीब मातांवर 2018 पासून चाललेल्या चिठ्ठीपद्धतीच्या प्रयोगात एका गटाला दरमहा 333 डॉलर आणि दुसऱ्याला 20 डॉलर दिले गेले. मुले चार वर्षांची झाल्यावर दोन गटांच्या बौद्धिक विकासात ठळक फरक आढळला नाही. हा निकाल दडपू नये. पण फूड स्टँपांचा परिणाम मोजायलाही मुले तिशी-चाळिशीची व्हावी लागली होती.

भारतातले साम्य. माध्यान्ह भोजन योजना 1995 मध्ये आली, तरी अनेक राज्यांत महिन्याला तीन किलो धान्यच दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शिजवलेले अन्न, किमान 300 उष्मांक व 8 ते 12 ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान 200 दिवस द्यावे असा आदेश दिला. राज्यांनी तो वेगवेगळ्या वेळी अमलात आणला आणि अमेरिकी काउंट्यांसारखीच तुलना शक्य झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळेत हे भोजन मिळालेल्या मुलींच्या पुढच्या पिढीची, म्हणजे त्यांच्या मुलांची, वयानुरूप उंची अधिक असल्याचे आढळले. शालेय खिचडीचा हिशेब त्या वर्षीच्या पटसंख्येवर आणि हजेरीवर संपवला, तर ही उंची त्यात कुठेच येत नाही.