लिटल टोकियोत रामेन उशिरा का आलं

लॉस एंजेलिसमध्ये चांगलं रामेन, म्हणजे गरम रश्शातल्या जपानी नूडल्स, कुठे मिळेल, असं विचारलं की बहुतेक जण लिटल टोकियोचं नाव घेतात. जुनी जपानी वस्ती, म्हणजे रामेनही तिथलंच जुनं आणि अस्सल, असं धरून चाललं जातं. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

१८८४-८५ च्या सुमारास हामानोसुके शिगेता या माजी खलाशानं ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवर ‘कामे’ ही खानावळ काढली. वस्तीची सुरुवात तिथून मानतात. पुढच्या चार दशकांत हिरोशिमा, वाकायामा अशा भागांतली शेतकरी कुटुंबं कॅलिफोर्नियात आली. १९२४ च्या कायद्यानं अमेरिकेनं हे स्थलांतर जवळजवळ बंदच केलं.

आता जपानकडे बघा. चिनी आचाऱ्यांना हाताशी धरून तोक्योच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे रामेनचं सुरुवातीचं दुकान सुरू झालं ते १९१० साली. रामेन घराघरांत ओळखीचं झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे लिटल टोकियो वसवणाऱ्यांनी देश सोडला तेव्हा त्यांच्या गावांत उदोन आणि सोबा या जुन्या नूडल्स होत्या. रामेनचा पत्ता नव्हता. जे घरी खाल्लंच नाही ते सोबत आणणार कुठून?

मग १९४२ उजाडलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशानं सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. रिकाम्या झालेल्या या वस्तीत दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहू लागली आणि तिला ‘ब्राँझव्हिल’ म्हणू लागले. युद्धानंतर माणसं परतली, पण सगळी नाही. पुढे पोलीस मुख्यालयासाठी शहरानं वस्तीचा एक भाग पाडला.

तिकडे उपासमारीनं गांजलेल्या जपानमध्ये अमेरिकन गहू उतरत होता. काळ्या बाजारातल्या हातगाड्यांवर त्याच्या नूडल्स शिजल्या. १९५४ नंतर अमेरिकेच्या पी. एल. ४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली आणखी गहू गेला. (आपल्याकडे रेशनवर मिळालेला अमेरिकन गहू जुन्या पिढीला आठवत असेल, तो याच कायद्यानं आला.) १९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी पाकिटातलं झटपट रामेन बाजारात आणलं. त्यांच्या निस्सिन कंपनीनं १९७० साली अमेरिकेत बस्तान बसवलं ते लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिनात.

माझ्या मते इथल्या रामेनची खरी वंशावळ अशा जपानी कंपन्यांच्या मागे जाते. टोयोटा आणि होंडा यांची अमेरिकेतली मुख्यालयं गार्डिनाशेजारच्या टॉरन्समध्ये होती आणि बदलीवर आलेल्या जपानी कर्मचाऱ्यांना तोक्योत ऑफिस सुटल्यावर खायचा तोच वाडगा हवा होता. टॉरन्स-गार्डिनातल्या साध्या बाजारपेठांमध्ये आजही चांगली रामेनची दुकानं सापडतात, ती उगाच नाही.

लिटल टोकियोत १९७६ साली ‘कोराकु’ उघडलं; अमेरिकेतलं पहिलं रामेनचं दुकान असा त्याचा दावा आहे. हल्ली मात्र रांग दिसते ती फर्स्ट स्ट्रीटवरच्या ‘दाइकोकुया’समोर. ते २००२ चं, आणि तिथलं रामेन तोन्कोत्सु पद्धतीचं. डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेला दाट, दुधाळ रस्सा म्हणजे तोन्कोत्सु. ही चाल जपानच्या क्युशू बेटावरची. अमेरिकेत अनेकांना आता रामेन म्हटलं की तेवढंच आठवतं. कोराकुच्या पिढीच्या दुकानांतला सोया सॉसचा पातळ रस्सा त्यांना फिका वाटतो, हा मला त्या रश्शावरचा अन्याय वाटतो.

२०११ मध्ये ‘त्सुजिता’नं तर लिटल टोकियो ओलांडून पश्चिमेकडच्या सॉटेलमध्ये दुकान थाटलं. तिथलं त्सुकेमेन, म्हणजे वेगळ्या दिलेल्या घट्ट रश्शात बुडवून खायच्या नूडल्स, गाजलं. सॉटेलही जुनी जपानी वस्तीच, पण माळी आणि रोपवाटिकावाल्यांची. खवय्यांची गर्दी तिथे अलीकडची.

लिटल टोकियोतली भाडी दरम्यान चढतच गेली. १९७२ पासूनचं ‘सुएहिरो कॅफे’ २०२४ च्या सुरुवातीला फर्स्ट स्ट्रीटवरून उठलं आणि त्याच वर्षी देशातल्या धोक्यात आलेल्या ११ ऐतिहासिक ठिकाणांच्या यादीत या वस्तीचं नाव आलं.