फाळके, धुंडिराज गोविंद (दादासाहेब)

(३० एप्रिल १८७०–१६ फेब्रुवारी १९४४). भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले गेलेले दिग्दर्शक, निर्माते व छायालेखक. जन्म नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा, मृत्यू नाशिकचा. पहिला चित्रपट मुंबईत झाल्यामुळे त्यांच्या नावाभोवती मुंबईचीच चर्चा अधिक होते. त्यांच्या दिग्दर्शनाचा खरा बहर मात्र गोदाकाठी आला, आणि ही गोष्ट पुरेशा जोराने सांगितली जात नाही.

वडील संस्कृतचे विद्वान. त्यांच्या नोकरीनिमित्त कुटुंब मुंबईस गेले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला छापखाना असे एकामागून एक उद्योग झाले. रंगीत छपाई शिकण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. भागीदारांशी बिनसल्यावर छपाई सुटली. त्याच सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येतील, हा ध्यास त्यांना लागला. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून डोळे बिघडले, काही काळ दिसेनासेही झाले. उपचारांनी दृष्टी परतली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले. घरी कुंडीतल्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून त्यांनी छोटी फिल्म केली. ती पाहून भांडवल देणारा मिळाला.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले होते, कारण पडद्यावर यायला एकही स्त्री तयार झाली नव्हती. त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. ‘कारखाना’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. सिनेमात काम करतो म्हटले की लोक नाके मुरडत. म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत असे सांगा, अशी फाळक्यांची आपल्या माणसांना सूचना असे.

नाशिकला आल्यावरच्या पहिल्याच चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी भूमिका केल्या. भारतीय पडद्यावरील या पहिल्या स्त्रिया. चित्रीकरण सूर्यप्रकाशात चाले, कॅमेरा हाताने फिरवावा लागे. कोऱ्या फिल्मला कडेने छिद्रे नसत. ती रात्री अंधाऱ्या खोलीत, स्पर्शाच्या अंदाजाने पाडावी लागत. हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. रसायने कालवणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडणे आणि एवढ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच होते. आधी त्यांचे दागिनेही या धंद्यात गेले होते. श्रेयनामावलीत त्यांचे नाव असते तर ते न्यायाचेच झाले असते.

‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही साळुंके यांनीच साकारले. १९१८ साली भागीदारीत हिंदुस्तान फिल्म कंपनी नाशिकला उभी राहिली. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) या दोन्हींत बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘कालिया मर्दन’ ही त्यांची सर्वांत परिपक्व कृती आहे. सुरुवातीलाच मुलीच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटतात आणि मग तोच चेहरा कृष्णाचा होतो. प्रेक्षकाला आधी अभिनय दाखवून मग देव दाखवण्याचे हे धाडस आजही थक्क करते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून चमत्कार घडवण्याची हातोटी तर त्यांची खासच.

भागीदारांशी मतभेद होऊन ते काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही वर्षांनी नाशिकच्या कंपनीत परतले. परतल्यानंतरच्या चित्रपटांत आधीची झळाळी क्वचितच दिसते. बोलपट आल्यावर मूकपटांचा बाजार बसला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. त्या वेळी ते ६७ वर्षांचे होते. उरलेली वर्षे नाशिकला, हलाखीतच गेली.

त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी फारच थोडी फिल्म उरली आहे. तीत ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट आहे. त्यात नटांना सूचना देणारे आणि फिल्मची पट्टी हातात घेऊन निरखणारे फाळके स्वतः दिसतात.