डीएनए प्रतिकरण

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील संपूर्ण डीएनएची नक्कल तयार होण्याची प्रक्रिया. डीएनएच्या दोन साखळ्या परस्परपूरक असतात; त्यांच्या घटकांपैकी ॲडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. त्यामुळे साखळ्या सुट्या झाल्या की प्रत्येकीवरून दुसरी नव्याने बांधता येते. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये रचना मांडतानाच हे सुचवले होते. पुरावा मेसेलसन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये दिला. जड नायट्रोजनवर वाढवलेले, म्हणून जड डीएनए असलेले, ई. कोलाय जीवाणू त्यांनी साध्या नायट्रोजनवर आणले. एका पिढीनंतर सगळा डीएनए मधल्या घनतेचा निघाला, दोन पिढ्यांनंतर निम्मा मधल्या घनतेचा आणि निम्मा हलका. म्हणजे प्रत्येक नव्या रेणूत एक साखळी जुनी आणि एक नवी असते. हे अर्धसंरक्षी प्रतिकरण होय.

तत्त्व इतके सोपे असले तरी प्रत्यक्ष काम किचकट आहे, आणि त्याचे मूळ साखळी बांधणाऱ्या डीएनए पॉलिमरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) दोन मर्यादांत आहे. त्याला कोऱ्या जागेवरून सुरुवात करता येत नाही. आधी प्रायमेज विकराने आरएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, घालून द्यावा लागतो. शिवाय ते साखळी एकाच दिशेने वाढवते. दोन्ही साखळ्या मात्र उलटसुलट दिशांनी असतात. त्यामुळे हेलिकेज विकर डीएनए उकलत पुढे सरकते, तेव्हा एकीवरची नक्कल सलग होते, तर दुसरीवरची तुकड्यातुकड्यांनी, पुन्हा पुन्हा मागे येऊन. नागोया विद्यापीठातील रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६० च्या दशकात हे तुकडे शोधले. जीवाणूंत ते साधारण १,००० ते २,००० न्यूक्लिओटाइडांचे, म्हणजे साखळीच्या एकेका घटकाचे, असतात, आपल्या पेशींत १०० ते २०० चे. नंतर प्रायमर काढून रिकामी जागा भरली जाते आणि लायगेज सांधे जोडते.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? जोडणीला लागणारी ऊर्जा येणारे न्यूक्लिओटाइड स्वतःबरोबर आणते. चुकीचा घटक लागला तर पॉलिमरेज तो कापून टाकते, आणि पुढचा घटक आपली ऊर्जा घेऊन येतोच. साखळी उलट दिशेने वाढत असती, तर ऊर्जा तिच्याच टोकाशी राहिली असती आणि चूक कापताना तीही गेली असती. तुकड्यांची कटकट ही अचूकतेची किंमत आहे, असे म्हणायला हरकत नाही. पॉलिमरेजची निवड, ही दुरुस्ती आणि नंतरची विजोड-दुरुस्ती (चुकीच्या जोड्या शोधून सुधारणे) मिळून सुमारे एक अब्ज घटकांमागे एखादीच चूक उरते.

ई. कोलायमध्ये सेकंदाला सुमारे १,००० न्यूक्लिओटाइड जोडले जातात; वर्तुळाकार गुणसूत्रावरील एकाच आरंभबिंदूपासून दोन्ही बाजूंनी निघालेले काम ४० मिनिटांत संपते. मानवी पेशीत वेग बराच कमी असतो, पण आरंभबिंदू हजारोंनी असल्याने काम काही तासांत उरकते. सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक जीवाणूंचे जायरेज विकर निकामी करते. डीएनए उलगडताना पुढे साचणारा पीळ सोडवण्याचे काम हे विकर करते.

सरळ गुणसूत्रांत एक अडचण उरते. टोकाचा शेवटचा प्रायमर काढल्यावर ती जागा भरता येत नाही, म्हणून दर विभाजनाला टोक थोडे झिजते. टोकांवरचे टेलोमिअर ही झीज सोसतात, आणि टेलोमरेज विकर ती भरून काढते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांनी १९८० च्या दशकात टेट्राहायमेना या एकपेशीय सजीवात ते शोधले. आपल्या बहुतेक शरीरपेशींत ते जवळजवळ बंद असते. जननपेशींच्या पूर्वजपेशींत आणि बहुसंख्य कर्करोगांत ते सुरू असते.