क्लस्टरच्या रुग्णाने थायरॉइड आणि ‘ड’ जीवनसत्त्व का तपासावं?

क्लस्टर डोकेदुखी वेळ पाळते. झोप लागून तास-दीड तास होतो न होतो तोच माणूस कळ येऊन उठतो. एकाच डोळ्याच्या आत-मागे असह्य दुखतं, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन वाहू लागतो, पापणी उतरते, नाक चोंदतं. अर्धशिशीचा रुग्ण अंधार करून निपचित पडतो. क्लस्टरच्या रुग्णाला एका जागी बसवत नाही, तो डोकं धरून येरझाऱ्या घालतो. एक झटका 15 मिनिटांपासून 3 तासांपर्यंत टिकतो, आणि दिवसात असे आठ झटकेही येऊ शकतात. काही आठवडे किंवा महिने असे गेले की दुखणं आपोआप थांबतं आणि अनेकांना ठरावीक ऋतूत पुन्हा गाठतं.

ही वेळेची शिस्त संशोधकांना हायपोथॅलॅमसपर्यंत घेऊन गेली. मेंदूच्या तळाशी असलेला हा छोटा भाग झोप, भूक, तापमान आणि हार्मोन यांचं वेळापत्रक सांभाळतो. 1998 मध्ये पेट स्कॅनने, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या तपासणीने दाखवलं की झटक्याच्या वेळी दुखऱ्या बाजूचा हायपोथॅलॅमस जागा झालेला असतो. थायरॉइडला हुकूम सुटतो तोही इथूनच: हायपोथॅलॅमस त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन सोडते आणि थायरॉइड कामाला लागते. क्लस्टरच्या काही रुग्णांमध्ये या इशाऱ्याला मिळणारा टीएसएचचा प्रतिसाद मंद असल्याचं जुन्या अभ्यासांत आढळलं होतं. पण त्यावरून थायरॉइड बिघडल्यामुळे क्लस्टर होतं असं म्हणता येत नाही. थायरॉइड मंदावल्यावर होणारी डोकेदुखी बहुधा दोन्ही बाजूंना, सौम्य आणि सतत असते. क्लस्टरशी तिचं काही साम्य नाही.

मग तपासायचं कशासाठी? मला सगळ्यात महत्त्वाचं कारण वाटतं ते लिथियम. सलग वर्षभर पाठ न सोडणाऱ्या, म्हणजे क्रॉनिक क्लस्टरमध्ये हे औषध अनेकांना दिलं जातं. लिथियम थायरॉइडमध्ये साठतं आणि तयार झालेलं हार्मोन रक्तात सुटू देत नाही. मग थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठता, वाढतं वजन आणि उदासी सुरू होते. रुग्ण आणि घरचे दोघंही म्हणतात, रात्र रात्र जागरण झालं की असंच होणार. इथेच थायरॉइडचं निदान महिनोन्‌महिने लांबतं, आणि गोळीने सहज भरून निघणारा त्रास माणूस विनाकारण सोसत राहतो. म्हणून लिथियम सुरू करण्याआधी आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी टीएसएच पाहायलाच हवं. सोबत किडनीची तपासणी आणि कॅल्शियमही, कारण लिथियम काहींच्या रक्तातलं कॅल्शियम वाढवतं.

‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखणारे पेशींमधले रेणू, हायपोथॅलॅमसमध्ये आहेत, आणि दुखणं ऋतूबरोबर येतं-जातं, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या एका छोट्या अभ्यासात क्लस्टरच्या बहुतेक रुग्णांमध्ये याची कमतरता दिसली. पण तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांमध्येही ती तितकीच होती. रिपोर्टमध्ये आकडा मिलिलीटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या खाली आला तर कमतरता भरून काढावीच, हाडांना आणि स्नायूंना त्याची गरज आहे. मात्र डोकेदुखीचं मूळ सापडलं असं समजू नये.

अनेक रुग्ण रोज 10,000 युनिट ‘ड’, सोबत मॅग्नेशियम आणि इतर गोळ्या घेतात, आणि आराम पडल्याचं सांगतात. त्यांच्या वेदनेपुढे कोणतीही आशा धरणं मला पूर्ण समजतं. अडचण अशी की क्लस्टरचा हंगाम आपोआप संपतो, आणि त्या वेळी जे घेतलं जात असतं त्याला श्रेय मिळतं. प्रौढांसाठी देखरेखीविना रोजची वरची मर्यादा 4,000 युनिट मानली जाते. त्यापलीकडे दीर्घकाळ गेलं तर कॅल्शियम वाढून तहान, मळमळ आणि मुतखडा होऊ शकतो. क्लस्टरच्या रुग्णाला धोका दुहेरी असतो. प्रतिबंधासाठी बहुधा पहिल्यांदा दिलं जाणारं व्हेरापामिल पेशींत शिरणारं कॅल्शियम रोखतं, रक्तातलं कॅल्शियम फार वाढलं तर त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. लिथियम चालू असेल तर कॅल्शियम दोन बाजूंनी वाढतं, आणि किडनीवर ताण आला की लिथियम शरीरातून नीट बाहेर पडत नाही.

गोळ्यांच्या वेळाही सांभाळायला हव्यात. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. कॅल्शियम, लोह किंवा मॅग्नेशियमची गोळी तिच्यासोबत घेतली तर ती आतड्यात नीट शोषली जात नाही, मग टीएसएच वाढलेलं दिसतं आणि डोस उगाच वाढतो. मध्ये चार तासांचं अंतर ठेवावं. केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत असतं ते बायोटिन तर काही प्रयोगशाळांच्या चाचणीलाच फसवतं: टीएसएच खोटं कमी आणि हार्मोन खोटं जास्त दिसतं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायचं, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारायचं, आणि रक्त घेणाऱ्यालाही तसं सांगायचं.